जेम्स बरोज

जेम्स एडवर्ड बरोज (जन्म : ३० डिसेंबर १९४०, लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन दूरचित्रवाणी दिग्दर्शक आणि निर्माते आहेत. ‘टॅक्सी’, ‘चीअर्स’ आणि ‘विल अँड ग्रेस’ या विनोदी मालिकांचे प्रमुख दिग्दर्शक म्हणून ते ओळखले जातात. ‘चीअर्स’चे ते सहनिर्मातेही होते. ‘फ्रेझर’, ‘फ्रेंड्स’, ‘टू अँड अ हाफ मेन’ आणि ‘द बिग बँग थिअरी’ यांसारख्या अनेक मालिकांचा पहिला भाग त्यांनीच दिग्दर्शित केला. २०१५ मध्ये त्यांच्या दिग्दर्शनाखालील दूरचित्रवाणी भागांची संख्या एक हजारावर पोहोचली. त्यांना ११ प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळाले आहेत.

प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होणाऱ्या विनोदी मालिकेला नाटकाची शिस्त देणारा दिग्दर्शक, असे त्यांच्या कामाचे सर्वसाधारण वर्णन करता येते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

बरोज यांचे वडील एब बरोज हे ब्रॉडवेवरील नामवंत लेखक व दिग्दर्शक होते. ‘गाइज अँड डॉल्स’ या संगीत नाटकाचे ते सहलेखक होते. ‘हाऊ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्राइंग’ या संगीत नाटकासाठी त्यांना १९६२ मध्ये पुलित्झर पारितोषिकात वाटा मिळाला. त्यापूर्वी १९४० च्या दशकात ते ‘डफीज टॅव्हर्न’ या लोकप्रिय नभोवाणी मालिकेचे प्रमुख लेखक होते. एका मद्यगृहात घडणाऱ्या या मालिकेचा वारसा पुढे पुत्राच्या ‘चीअर्स’मध्ये उतरला, असे अनेकदा म्हटले जाते.

जेम्स यांचे बालपण न्यू यॉर्कमध्ये गेले. लहानपणी ते मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बालगायकवृंदात गात असत. ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेतले.

रंगभूमीवरील उमेदवारी

शिक्षणानंतर बरोज यांनी ‘ओ. के. क्रॅकर्बी!’ (१९६५) या मालिकेत अभिनेत्यांकडून संवाद पाठ करून घेण्याचे काम केले. १९६६ मध्ये ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ या कादंबरीवर आधारित संगीत नाटकात ते साहाय्यक रंगमंच व्यवस्थापक होते. नाटकाची सुरुवातीची संहिता आणि दिग्दर्शन त्यांच्या वडिलांचे होते. नंतर एडवर्ड ऑल्बी यांच्याकडून संहिता नव्याने लिहून घेण्यात आली. डिसेंबर १९६६ मध्ये चार पूर्वप्रयोगांनंतर निर्माते डेव्हिड मेरिक यांनी नाटक बंद केले, त्यामुळे त्याचा अधिकृत शुभारंभ झालाच नाही. ब्रॉडवेच्या इतिहासातील गाजलेल्या अपयशांत त्याची गणना होते. तथापि या नाटकाच्या नायिका मेरी टायलर मूर यांच्याशी झालेला परिचय बरोज यांच्या पुढील आयुष्याला वळण देणारा ठरला.

पुढील काही वर्षे ते फिरत्या नाटकमंडळ्यांत आणि प्रादेशिक नाट्यगृहांत काम करत राहिले.

दूरचित्रवाणीतील प्रवेश

‘द मेरी टायलर मूर शो’ पाहताना, एका आठवड्यात बसवून प्रेक्षकांसमोर सादर होणारी ही मालिका म्हणजे लहानसे नाटकच आहे, असे बरोज यांच्या ध्यानात आले. त्यांनी मूर यांना पत्र लिहून काम मागितले. मूर आणि त्यांचे तत्कालीन पती ग्रँट टिंकर यांच्या एमटीएम एंटरप्रायझेस या संस्थेने १९७४ मध्ये त्यांना संधी दिली. तेथे अनुभवी दिग्दर्शक जे सँडरिच यांच्या हाताखाली त्यांनी कॅमेऱ्याचे तंत्र आत्मसात केले. त्यानंतर ‘द बॉब न्यूहार्ट शो’, ‘फिलिस’, ‘लाव्हर्न अँड शर्ली’ आदी मालिकांचे भाग त्यांनी दिग्दर्शित केले.

टॅक्सी

एमटीएममधून बाहेर पडलेल्या लेखक-निर्मात्यांनी १९७८ मध्ये एबीसी वाहिनीसाठी ‘टॅक्सी’ ही मालिका सुरू केली. न्यू यॉर्कमधील टॅक्सीचालकांच्या गॅरेजमध्ये घडणाऱ्या या मालिकेत जड हर्श, डॅनी डिव्हिटो, अँडी कॉफमन, मॅरिलू हेनर व टोनी डँझा यांच्या भूमिका होत्या. बरोज यांनी तिचे ७५ भाग दिग्दर्शित केले. गॅरेजचा नेपथ्यविस्तार मोठा आणि पात्रसंख्याही अधिक असल्याने नेहमीच्या तीन कॅमेऱ्यांना त्यांनी चौथ्याची जोड दिली. या मालिकेने त्यांना १९८० व १९८१ मध्ये दिग्दर्शनाचे एमी पुरस्कार मिळवून दिले.

चीअर्स

‘टॅक्सी’चे लेखक ग्लेन चार्ल्स व लेस चार्ल्स या बंधूंसह बरोज यांनी ‘चीअर्स’ची निर्मिती केली. ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश मालिकेप्रमाणे आरंभी हॉटेलमध्ये घडणारी मालिका त्यांच्या मनात होती. मात्र हॉटेलातील बहुतेक प्रसंग त्याच्या मद्यगृहातच घडू लागल्याचे लक्षात येताच हॉटेल वगळून केवळ बॉस्टनमधील मद्यगृह ठेवण्यात आले. त्याचे नेपथ्य चित्रपटसृष्टीतील ख्यातनाम कलादिग्दर्शक रिचर्ड सिल्बर्ट यांनी साकारले. पहिल्या वर्षातील कथानक मद्यगृहाच्या चार भिंतींबाहेर गेलेच नाही.

मालिकेचा पहिला भाग ३० सप्टेंबर १९८२ रोजी एनबीसीवर प्रसारित झाला. पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत ही मालिका जवळजवळ तळाशी होती. अशा मालिका सहसा काही आठवड्यांतच बंद केल्या जात. परंतु एनबीसीचे प्रमुखपद त्या वेळी ग्रँट टिंकर यांच्याकडे होते. त्यांनी आणि कार्यक्रमप्रमुख ब्रँडन टार्टिकॉफ यांनी मालिका चालू ठेवली. १९८३ मध्ये ‘चीअर्स’ला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर तिचा प्रेक्षकवर्ग वाढत गेला आणि ती ११ वर्षे चालली. २० मे १९९३ रोजी प्रसारित झालेला तिचा अखेरचा भाग अमेरिकेत सुमारे आठ कोटी लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. एकूण २७५ भागांपैकी बहुसंख्य भाग बरोज यांनीच दिग्दर्शित केले.

पायलट भागांचे दिग्दर्शन

अमेरिकन मालिकांत वाहिनीच्या मंजुरीसाठी प्रथम एक नमुनादाखल भाग तयार केला जातो. त्यास पायलट म्हणतात. मालिकेचे नियंत्रण सामान्यतः लेखक-निर्मात्याकडे असते आणि दिग्दर्शक आठवड्यागणिक बदलत राहतात. पायलटचा दिग्दर्शक मात्र नेपथ्याची मांडणी, पात्रांच्या हालचाली, अभिनयाची पट्टी आणि विनोदाची गती निश्चित करतो. पुढचे दिग्दर्शक त्याच चौकटीत काम करतात. त्यामुळे बरोज यांनी मोजकेच भाग केलेल्या मालिकांवरही त्यांचा ठसा राहिला.

‘चीअर्स’मधील एका पात्रावर बेतलेल्या ‘फ्रेझर’ (१९९३) या मालिकेच्या पायलटसाठी त्यांना १९९४ चा दिग्दर्शनाचा एमी पुरस्कार मिळाला. ‘न्यूजरेडिओ’, ‘थर्ड रॉक फ्रॉम द सन’, ‘धर्मा अँड ग्रेग’, ‘माइक अँड मॉली’ आणि ‘टू ब्रोक गर्ल्स’ यांचे पायलटही त्यांचेच.

‘फ्रेंड्स’चे (१९९४) पायलटसह १५ भाग त्यांनी दिग्दर्शित केले. प्रसारण सुरू होण्यापूर्वी ते सहाही प्रमुख कलावंतांना लास व्हेगास येथे घेऊन गेले. यापुढे त्यांना लोकांत अनोळखीपणे वावरता येणार नाही, असे त्यांनी त्यांना तेथे बजावले. कॅसिनोत खेळण्यासाठी लागणारे पैसेही कलावंतांनी त्यांच्याकडूनच घेतले होते. सहा जणांत निर्माण झालेला एकोपा हा मालिकेच्या यशाचा पाया मानला जातो.

विल अँड ग्रेस

एक समलिंगी वकील आणि त्याची मैत्रीण यांच्या सहजीवनावर आधारित ‘विल अँड ग्रेस’ ही मालिका २१ सप्टेंबर १९९८ रोजी एनबीसीवर सुरू झाली. वर्षभरापूर्वीच ‘एलेन’ या मालिकेच्या नायिकेने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केल्यावर मोठा वाद झाला होता आणि मे १९९८ मध्ये ती मालिका संपली होती. या पार्श्वभूमीवर नव्या मालिकेचे भवितव्य अनिश्चित होते. बरोज यांनी हाताळणीत उपदेशापेक्षा प्रहसनाला प्राधान्य दिले. मालिका २००६ पर्यंत चालली आणि २००० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. २०१७ ते २०२० या काळातील पुनरागमनासह तिच्या सर्व भागांचे दिग्दर्शन त्यांनी एकट्यानेच केले. अमेरिकन समाजाला समलिंगी व्यक्तींविषयी जाणते करण्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे, असे मत तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी मे २०१२ मध्ये एका मुलाखतीत व्यक्त केले होते.

कार्यपद्धती

बहुकॅमेरा पद्धतीचा पाया १९५१ मध्ये ‘आय लव्ह लुसी’ या मालिकेने घातला. त्यात संपूर्ण प्रवेश सलग सादर होतो आणि अनेक कॅमेरे तो एकाच वेळी निरनिराळ्या कोनांतून टिपतात. साधारणपणे आठवड्याच्या आरंभी संहितेचे वाचन होते, नंतर तालमी आणि संहितेतील फेरबदल होतात, तर अखेरच्या दिवशी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण होते. प्रेक्षक हसले नाहीत, तर लेखक तेथल्या तेथे संवाद बदलतात आणि प्रवेश पुन्हा सादर होतो.

या पद्धतीत अनेक दिग्दर्शक कॅमेऱ्यांची दृश्ये दाखवणाऱ्या पडद्यांसमोर बसतात. बरोज मात्र नेपथ्यासमोर येरझाऱ्या घालत संवाद ऐकतात. संवादांची लय बरोबर जमली की दृश्यही जमते, अशी त्यांची धारणा आहे. लेखकाच्या शब्दाला मान देणे आणि अभिनेत्यांना हालचालींतून विनोद शोधू देणे, ही त्यांच्या कामाची इतर वैशिष्ट्ये मानली जातात.

उत्तरकाळ

एकविसाव्या शतकात ‘द ऑफिस’, ‘मॉडर्न फॅमिली’ यांसारख्या, प्रेक्षकांविना एका कॅमेऱ्याच्या शैलीत चित्रित होणाऱ्या मालिकांचे प्रस्थ वाढले. २००६ पासून दीड दशकाहून अधिक काळ सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार बहुकॅमेरा मालिकेला मिळालेला नाही. प्रेक्षकांच्या हास्याचा आवाज कृत्रिम वाटतो, अशी टीका या प्रकारावर होते. तसेच ‘फ्रेंड्स’सह त्या काळातील अनेक मालिकांत प्रमुख पात्रे जवळजवळ सर्वच श्वेतवर्णीय असल्याचा आक्षेपही घेतला जातो.

बरोज यांनी मात्र ही पद्धत सोडली नाही. २२ मे २०१९ रोजी एबीसीवर ‘ऑल इन द फॅमिली’ आणि ‘द जेफरसन्स’ या जुन्या मालिकांचे भाग नव्या कलावंतांसह थेट प्रक्षेपित झाले. त्यांचे दिग्दर्शन बरोज यांनी केले. त्यात जेमी फॉक्स संवाद विसरले. ती चूक हसत निभावून नेण्यात आली आणि प्रेक्षकांनीही तिला दाद दिली. २०२३ मध्ये ‘फ्रेझर’च्या नव्या पर्वाचे पहिले दोन भाग त्यांनी केले. २०२५ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांच्या दिग्दर्शनाखालील ‘मिड-सेंचुरी मॉडर्न’ या मालिकेचे सर्व दहा भाग प्रदर्शित झाले.

‘पार्टनर्स’ (१९८२) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट होय. ‘डायरेक्टेड बाय जेम्स बरोज’ हे त्यांचे आत्मकथन २०२२ मध्ये प्रकाशित झाले.

प्रमुख पुरस्कार

विनोदी मालिकेच्या दिग्दर्शनासाठी एमी : ‘टॅक्सी’ (१९८०, १९८१), ‘चीअर्स’ (१९८३, १९९१), ‘फ्रेझर’ (१९९४)

सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेसाठी निर्माता म्हणून एमी : ‘चीअर्स’ (१९८३, १९८४, १९८९, १९९१), ‘विल अँड ग्रेस’ (२०००)

याशिवाय त्यांच्या एक हजाराव्या भागानिमित्त एनबीसीने २१ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांच्या गौरवार्थ विशेष कार्यक्रम प्रसारित केला. त्यात त्यांच्या अनेक मालिकांतील कलावंत सहभागी झाले होते.