जुना ऑईल पेंट खरवडताय? आधी घरातल्या पोरांचा विचार करा

माजिवडा : गणपती जवळ आले की गावठाणात रंगकामाची घाई सुरू होते. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले तरी आत जुनी घरं आणि चाळी टिकून आहेत. लाकडी दारं, खिडक्या, गज, जिन्याचे कठडे यांच्यावर वर्षानुवर्षे ऑईल पेंटचे हात बसलेत. या जुन्या थरांमध्ये शिसं असू शकतं. रंग घट्ट चिकटून असेल तोवर धोका कमी असतो. पोपडे सुटले किंवा कोरडं खरवडलं की त्याची धूळ घरभर होते.

शिसं कुठे असतं?

घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, ठरवणारे केंद्राचे नियम 2016 मध्ये आले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीचा ऑईल पेंट, त्यातही पिवळा, केशरी, लाल आणि हिरवा, संशयित धरावा. ग्रिलला पूर्वी लावला जाणारा शेंदरी प्रायमरही बऱ्याचदा शिशाचाच असायचा. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर हेही शिशाचंच संयुग आहे, त्यामुळे तो पोरांच्या हाती देऊ नये. पितळी भांड्यांना कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्यावी.

त्रास कुणाला?

सर्वात जास्त सहा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना. रांगणारं पोर जमिनीवरची धूळ हाताने तोंडात घालतं, आणि पोटात गेलेलं शिसं मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट शोषलं जातं. पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणं, अभ्यासात लक्ष न लागणं ही लक्षणं असू शकतात. बऱ्याचदा तर काहीच दिसत नाही. रक्तातलं शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे.

काम करताना

- रंग घट्ट असेल तर खरवडू नका, वरून नवा हात द्या.
- खरवडावंच लागलं तर आधी पाणी मारा आणि पॉलिश पेपर ओला करूनच घासा. कोरडी ग्राइंडर मशीन नको.
- ब्लो लॅम्पने रंग जाळू नका, वाफेतून शिसं छातीत जातं.
- मुलं आणि गरोदर बाई काम संपून सफाई होईपर्यंत दुसऱ्या घरी राहिलेली बरी.
- खाली प्लास्टिक अंथरा, भांडी आणि पिण्याचं पाणी बाहेर काढा.
- झाडू मारू नका. ओल्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसा आणि पोपडे पिशवीत बांधून घंटागाडीवाल्याला वेगळे द्या.
- रंगवलेलं जुनं लाकूड चुलीत किंवा बंबात घालू नका. त्याची राख परसातल्या भाजीलाही नको.

रंगाऱ्यालाही हा धोका तितकाच आहे. साधा रुमाल बांधून भागत नाही, एन-95 मास्क हवा. हात धुतल्याशिवाय तंबाखू, बिडी किंवा जेवण नको. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, नाहीतर धूळ त्याच्या पोरांपर्यंत जाते.

शंका असेल तर

डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. प्रमाण 5 किंवा जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवणं हाच पहिला उपाय. शिसं उतरवणारी औषधं फार जास्त प्रमाण असेल तरच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. नाचणी, दूध, पालेभाज्या, डाळी आणि लिंबू-आवळा रोजच्या जेवणात असावेत. कॅल्शियम आणि लोह कमी पडलं की अंगात शिसं जास्त शोषलं जातं.

भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या जुन्या वाड्यांनाही हे सगळं तसंच लागू आहे. रंगाऱ्याशी मजुरी ठरवतानाच ओलं खरवडायचं, हे बोलून घ्यावं.