वरची माती वर

इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायरमध्ये लोहखनिज फार खोल नाही. पूर्वी मजूर वरची सुपीक माती बाजूला काढून ठेवत, खनिज उपसत आणि माती परत पसरत. शेत थोडे खाली जाई, पण नांगरता येई. मोठी यंत्रे आली आणि हे मोडले. यंत्र खनिजावरचे सगळे थर उचलून मागच्या रिकाम्या चरात टाकी. सुपीक माती खाली, दगड वर! मैलोगणती उरले ओळीने उभे ढिगारे. त्यांवर गहू कसा पिकणार?

१९४७ च्या नियोजन कायद्याने खाणकामाला परवानगी आवश्यक ठरली. ढिगारे सपाट करण्याचा खर्च मात्र कोणी सोसायचा? १९५१ साली त्यासाठी खास कायदा झाला. उघड्या खाणीतल्या दर टनामागे खाणमालकाने निधीत ठरावीक रक्कम भरायची, सरकारनेही थोडी भर घालायची. रक्कम काही पेन्सचीच, पण ती खनिज निघत असतानाच वसूल होई. खाण बंद पडल्यावर मालकाला शोधत फिरावे लागत नसे. (आपल्याकडच्या पडीक खाणी आठवून पाहा.)

१९८० मध्ये कॉर्बीत लोखंड गाळणे थांबले, १९८५ च्या कायद्याने निधीही संपला. काही जुन्या ढिगाऱ्यांवर मात्र लार्चची झाडे लावून भागवले होते.