बैलगाडीतून फिरणारं मांजर: कोल्हापूरच्या चित्त्यांची गोष्ट

मांजराला घेऊन लाँग ड्राइव्हला जाणाऱ्यांचे रील्स तुम्ही बघितलेच असतील. कॅम्पर व्हॅन, खिडकीत बसलेलं मांजर, मागं डोंगर. भारी वाटतं. पण आपल्या कोल्हापुरात शंभरेक वर्षांपूर्वी याच्याहून कितीतरी मोठं मांजर गाडीतून फिरायचं. चित्ता!

आधी एक गोष्ट क्लिअर करू. चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. आपल्याकडं बोलताना सर्रास घोळ होतो. चित्ता सडपातळ, लांब पायांचा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ. तो डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा गुरगुरतो. नावही आपलंच आहे, संस्कृत 'चित्रक'वरून आलेलं, आणि इंग्रजीनं ते इथूनच उचललं.

कोल्हापूर संस्थानात राजाराम महाराजांच्या काळात, म्हणजे 1922 ते 1940 मध्ये, काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते. त्यांना सांभाळणारा तो चित्तेवान. या शिकारीची पद्धत देशभर साधारण एकच होती. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवायची, त्याला उघड्या बैलगाडीवर बसवायचं आणि माळावर निघायचं. बैलगाडीच का? काळविटांना शेतकऱ्यांच्या गाड्या रोजच्याच. माणूस चालत आला की कळप उधळतो, पण गाडी आली तर मान वर करून बघतो आणि परत चरायला लागतो. गाडी सरळ कळपावर न्यायची नाही, तिरकी तिरकी जवळ आणायची. अंतर पुरेसं कमी झालं की टोपी काढायची. पुढचा खेळ काही सेकंदांचा. चित्ता काहीशे मीटरच्या वर जोरात पळू शकत नाही. काळवीट सापडला तर चित्तेवान लाकडी पळीतून त्याचं रक्त चित्त्याला पाजायचा आणि त्या नादात टोपी परत चढवायचा. सुटला तर चित्ता तिथंच बसून राहायचा.

डोळे झाकण्याची ही आयडिया मला फार पटते. पुण्याहून कोल्हापूरला येताना आमचा मन्या खंबाटकी घाटात ओरडून डोकं उठवतो. पिंजऱ्यावर टॉवेल टाकला की गप्प. मांजराची जात, दिसलं नाही की शांत.

पण जंगली चित्ता गाडीत शांत बसायचा कसा? त्याला खाटेला बांधून ठेवायचे, झोपू द्यायचे नाहीत. बायका-पोरांना शेजारी बसवून दिवसभर बडबड करायला लावायचे, गर्दीच्या बाजारातून फिरवायचे. आवाजाची सवय झाली की मग गाडी. आणि चित्ता मोठाच पकडावा लागायचा, कारण शिकार करायला त्याला आईच शिकवते. पिल्लू आणून उपयोग नाही.

पकडायचं काम पारध्यांचं. चित्ते ठरावीक झाडांपाशी परत परत येतात, तिथं ते फासे लावायचे. या कामावरून पारध्यांच्या एका शाखेला 'चित्तेवाले' असंच नाव होतं. संस्थानिकांना त्यांची कला हवी होती. आणि ब्रिटिशांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढं याच पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात जास्त टोचतो. राजाच्या फोटोत चित्ता येतो, पकडणारा येत नाही.

आता खरी अडचण बघा. पाळलेला चित्ता पिल्लं देत नाही. अकबराकडं हजार चित्ते होते म्हणतात, तरी मुघलांच्या काळात पिंजऱ्यात पिल्लं झाल्याची नोंद एकदाच सापडते, जहांगीरच्या आत्मचरित्रात. त्यानंतरची नोंद थेट 1956 ची, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली! म्हणजे गाडीवर बसलेला प्रत्येक चित्ता रानातून उचललेला. शेकडो वर्षं नुसतं विथड्रॉवल, डिपॉझिट शून्य. त्यात माळरानं शेतीखाली गेली, काळवीट कमी झाले, इंग्रजांच्या काळात चित्ता मारायला बक्षीसही मिळायचं.

शेवटी इथले चित्ते मिळेनात, म्हणून संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवले. 1918 ते 1945 या काळात सुमारे 200 चित्ते भारतात आले, आणि मागवणाऱ्यांत कोल्हापूर आणि भावनगर आघाडीवर. म्हणजे कोल्हापूरच्या माळावर पळणारे ते चित्ते बरेचसे परदेशी होते, बरं का.

1947 मध्ये कोरियाच्या महाराजांनी, आजच्या छत्तीसगडमध्ये, एका रात्रीत तीन चित्ते मारले. रानातल्या भारतीय चित्त्याची ती शेवटची पक्की नोंद मानतात. 1952 मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. गुन्हेगार जमाती कायदाही त्याच वर्षी रद्द झाला. कायदा गेला, शिक्का काही गेला नाही.

17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते विमानानं ग्वाल्हेरला आणि तिथून हेलिकॉप्टरनं कुनोला पोचले. प्रवासात मळमळ नको म्हणून उपाशीपोटी. मार्च 2023 मध्ये तिथं त्यांतल्या एका मादीला चार पिल्लं झाली. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तीन गेली. एक जगलं, ती मादी होती.