नाव आणि आकडा

युद्धगीत म्हटले की आपल्या कानांत डफ आणि तुणतुणे वाजू लागते. म्हणूनच, स्वीडनमधील एक वाद्यवृंद विजेच्या गिटारींच्या कल्लोळात गेली पंचवीस वर्षे इतिहासातील लढाया गात आला आहे, असे माझ्या भाच्याने सांगितले तेव्हा मला प्रथम हसू आले. शिक्षणासाठी तो दिल्लीस आमच्याकडे राहतो. "मामा, एकदा ऐकून तर बघ," असे म्हणून त्याने रविवारी दुपारी आपली श्रवणयंत्रे माझ्या कानांना लावली. पहिली दहा मिनिटे मी केवळ सौजन्य म्हणून ऐकली. पुढचा तास मात्र कुतूहलाने ऐकला. त्या कुतूहलातून जो विचार सुचला तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

या वाद्यवृंदाचे नाव सॅबटन. चिलखताचा जो भाग पावलावर चढवितात त्याचे हे नाव. १९९९ साली फालुन या गावी त्याची स्थापना झाली. योआकिम ब्रोडेन हा त्याचा गायक व पेर सुंडस्ट्रॉम हा त्याचा दुसरा आधारस्तंभ. त्यांच्या संगीतप्रकाराला पॉवर मेटल म्हणतात. द्रुत लयीतील ढोल, कर्कश वाटणाऱ्या परंतु बांधीव गिटारी, आणि हजारो श्रोत्यांना एका आवाजात म्हणता येईल असे ध्रुपद, ही त्याची ढोबळ लक्षणे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांचा 'लेजेंड्स' हा अकरा गीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला. याआधीच्या दोन संग्रहांचा विषय पहिले महायुद्ध हा होता. या संग्रहात ते फार मागे गेले आहेत. चंगीझखान, हॅनिबल, रुबिकॉन नदी ओलांडणारा सीझर, जोन ऑफ आर्क, नेपोलियन, जपानचा खड्गवीर मियामोतो मुसाशी, अशी ही दिंडी आहे. तिच्या शेवटी, स्वीडिश भाषेतील एका गीतात, त्यांचा स्वतःचा राजा गुस्टाव्ह अडॉल्फ येतो.

आपल्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. १६५९ साली अफजलखानाचा वध झाला आणि अज्ञानदासाने त्यावर पोवाडा रचला. शाहीर संपूर्ण मोहिमेचा हिशेब देत नाही. तो एक माणूस निवडतो, एक दिवस निवडतो, आणि त्या दिवसाचा एक क्षण श्रोत्यांच्या छातीत घट्ट बसवितो. सॅबटनची गीतेही हेच करतात. प्रश्न एवढाच उरतो की, असा क्षण निवडताना काय हाती राहते आणि काय सांडते?

उदाहरण त्यांच्या गावाचेच घेऊ. फालुन हे तांब्याचे गाव. सतराव्या शतकात युरोपला लागणाऱ्या तांब्याचा फार मोठा हिस्सा या एका खाणीतून निघत असे, आणि त्या तांब्याच्या पैशावर स्वीडनने आपली युद्धे लढविली. गुस्टाव्ह अडॉल्फच्याच कारकीर्दीत, १६२४ पासून, त्या देशात तांब्याची नाणी पडू लागली. हा राजा तीस वर्षांच्या युद्धात उतरला आणि १६३२ च्या नोव्हेंबरात ल्युत्सेनच्या रणांगणावर, धुक्यात आपल्या सैन्यापासून वेगळा पडून, मारला गेला. सुमारे चार शतकांनंतर त्याच फालुनचे गायक त्याच्यावर गीत रचतात. गीतात राजा आहे, विजयाची हाक आहे. जमिनीखाली धूर आणि अंधार सोसून ज्यांनी ते तांबे वर काढले ते खाणकामगार या दिंडीत नाहीत. हा गायकांचा दोष नव्हे. शौर्यगीताची घडणच अशी आहे. मात्र इतिहास वाचणाऱ्याने ती ओळखून असले पाहिजे. फालुनच्या खाणीची आणखी एक हकिकत आहे. ती मी शेवटी सांगेन.

गीताच्या या घडणीची परीक्षा घ्यावयाची तर त्यांच्या २००८ च्या 'द आर्ट ऑफ वॉर' या संग्रहातील 'फॉर्टी टू वन' हे गीत घ्यावे. पोलंडमध्ये ते विलक्षण लोकप्रिय झाले. विषय आहे १९३९ च्या सप्टेंबरातील विझ्नाची लढाई. जर्मनीने पोलंडवर स्वारी केली तेव्हा नारेव नदीच्या काठी, अपुऱ्या बांधलेल्या काँक्रीटच्या बुरुजांत, कॅप्टन व्लादिस्लाव रागिनिस याची छोटी तुकडी जनरल गुडेरियनच्या रणगाड्यांपुढे उभी राहिली. जिवंत असेतो जागा सोडणार नाही, अशी शपथ रागिनिसने घेतली होती. ७ ते १० सप्टेंबर असे हे प्रकरण चालले. अखेर प्रतिकार अशक्य झाला तेव्हा त्याने उरलेल्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवावयास सांगितले आणि स्वतः हातबाँबने आपला अंत करून घेतला.

चाळीसास एक, असे गीताचे शीर्षक सांगते. मी पडलो कारकून. आकडा दिसला की पडताळून पाहण्याची खोड जात नाही. सामान्यतः दिले जाणारे आकडे असे आहेत: पोलिश सैनिक सुमारे ७२०, जर्मन सुमारे ४२,०००. भागाकार केला तर उत्तर चाळीस येत नाही, अठ्ठावन्न येते. म्हणजे गीताने अतिशयोक्ती केली नाही, उलट हात आखडताच घेतला, असे वाटेल. परंतु थोडे खोल गेले की दोन्ही आकडे डळमळू लागतात. बेचाळीस हजार हे गुडेरियनच्या समग्र कोअरचे मनुष्यबळ. ते सारे एकाच वेळी त्या बुरुजांवर चालून गेले नव्हते. बुरुजांतील सर्व पोलिश सैनिक कामी आले ही समजूतही टिकत नाही. त्यांतील कित्येक जिवंत राहिले. पोलिश संशोधकांनीच या लढाईचे आकडे आणि तिचा कालावधी पुन्हा तपासावयास घेतला आहे.

मग उरले काय? उरला तो माणूस. २०११ च्या सप्टेंबरात रागिनिसचे अवशेष त्या टेकडीवर सन्मानपूर्वक पुन्हा पुरण्यात आले. ते त्याचेच आहेत याची खात्री शास्त्रीय परीक्षेने करून घेतली होती. शपथ खरी, मृत्यू खरा, टेकडी खरी. गीताने आकडा ढिला धरला, पण नाव घट्ट धरले. आणि त्या नावामुळेच कितीतरी तरुण श्रोत्यांना आकड्याची चौकशी करावीशी वाटली. खुद्द सॅबटननेही ही जबाबदारी टाळलेली नाही. २०१९ पासून इंडी नायडेल या इतिहासकथकाच्या साहाय्याने त्यांनी एक दृक्‌श्राव्य मालिका चालविली व तीत आपल्या एकेका गीतामागचा इतिहास स्वतंत्रपणे सांगितला. आपल्याकडे ऍक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, पुढे य. न. केळकरांनी ऐतिहासिक पोवाडे टिपांसह संपादिले, ते याच जातीचे काम. शाहिराचा डफ थांबला की टीपकाराची लेखणी सुरू व्हावी, हीच योग्य वाटणी होय.

आता एक गीत असे, की ज्याने मला आपल्या माणसांची आठवण झाली. २०१४ च्या 'हीरोज' या संग्रहात 'स्मोकिंग स्नेक्स' नावाचे गीत आहे. ब्राझीलने दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५,००० सैनिक इटलीत पाठविले. ब्राझील युद्धात उतरण्यापूर्वी साप विडी ओढू लागेल, अशी थट्टा त्या देशात होत असे. म्हणून या सैनिकांनी धूर सोडणारा साप हेच आपले चिन्ह केले. १९४५ च्या एप्रिलात माँतेसे येथे त्यांतील तिघे एका मोठ्या जर्मन तुकडीस सामोरे गेले आणि शरण न जाता मेले. शत्रूनेच त्यांना पुरले व क्रुसावर 'तीन ब्राझिली वीर' असे लिहिले, अशी हकिकत सांगतात. शत्रूने लिहिले तेव्हा ते फक्त 'तीन' होते. नंतर त्यांच्या देशाने त्यांची नावे जपली, म्हणून ते आज तीन माणसे आहेत.

त्याच इटलीत, त्याच मोहिमेत, मराठा पलटणीही लढत होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली; त्यांच्याखेरीज सर्वजण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी ती तोफ बंद पाडली, आणि गोळ्या भरण्यास अवधी नाही असे पाहून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. लगेच आडून आलेल्या गोळ्यांनी त्यांचा प्राण घेतला. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कोकणात माणगावी त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि २०२३ साली इटलीतील माँतोने या गावी त्यांच्या नावाची स्मारक-सूर्यघटिका बसविण्यात आली. हे योग्यच झाले. परंतु घाडग्यांबरोबर त्या उतारावर जे पडले, त्यांची नावे तुम्हांआम्हांपैकी किती जणांना सांगता येतील?

येथे चित्र उलटे होते. गीत नाव राखते आणि आकडा सैल सोडते. सरकारी दप्तर आकडा राखते आणि नाव हरवून बसते. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, चावडीच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या हिंदुस्थानभर गावोगावी लावल्या. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्, एवढाच मजकूर, तोही इंग्रजीत. दोन आकडे आणि एकही नाव नाही. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कुत-अल्‌-अमारा येथे १९१५ च्या डिसेंबरापासून १४७ दिवस वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी जे सैन्य शरण गेले, त्यात १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. पुढे कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत त्या सैन्यातील असंख्य माणसे संपली. आमच्या गावची माणसे त्यांत होती काय? पाटी सांगत नाही. सॅबटनच्या महायुद्धावरील दोन्ही संग्रहांत कुतवर गीत नाही. पण त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला नाही, कारण मराठीत तरी कुतचा पोवाडा घरोघर कोठे ऐकू येतो?

कचेरीस जाताना माझी बस इंडिया गेटजवळून जाते. १९३१ साली पुरी झालेल्या त्या कमानीवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. ज्यांच्या स्मरणार्थ ती उभारली त्या मृतांची संख्या सत्तर हजारांवर जाते. उरलेल्यांचे स्थान त्या दोन संख्यांमधल्या वजाबाकीत. माझ्या टेबलावर निवृत्तिवेतनाची प्रकरणे येतात. तेथे मी रोज पाहतो की, नावातील एक अक्षर चुकले तर विधवेचे प्रकरण महिनोन्‌महिने पुढे सरकत नाही, आणि ज्या कागदावर नाव नाही त्यावर कोणी सहीच करीत नाही. मनुष्याला जे देणे लागते ते नावाने लागते. आकड्याने केवळ बेरीज होते.

फालुनची दुसरी हकिकत सांगावयाची राहिली. १७१९ साली त्या खाणीच्या एका पाण्याने भरलेल्या जुन्या भागात एका तरुणाचे प्रेत सापडले. खाणीतील पाण्याने ते जसेच्या तसे राहिले होते. कोण, कोठला, कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याला ओळखले. हा माट्स, ४२ वर्षांपूर्वी, १६७७ साली, तो नाहीसा झाला तेव्हा तिच्याशी त्याचा विवाह ठरलेला होता. गुस्टाव्ह अडॉल्फचे नाव राहावे यासाठी राज्य होते, सैन्य होते, आता गीतही आहे. या खाणकामगाराचे नाव राहिले, ते एका स्त्रीने बेचाळीस वर्षे त्याचा चेहरा विसरावयाचे नाकारले म्हणून.

गेल्या दिवाळीच्या रजेत मी आजोळी गेलो तेव्हा भाच्यास बरोबर घेतले होते. पाटीवरील आकडे त्याने उतरून घेतले व आम्ही घरोघर विचारीत फिरलो. दोन दिवसांत दोन नावे मिळाली. एक पणतूकडून पुरे मिळाले. दुसऱ्याचे खरे नाव कोणास सांगता येईना, फक्त गावात ज्या नावाने हाक मारीत तेवढे एका वृद्ध आजींनी आपल्या सासूच्या तोंडून ऐकलेले सांगितले. ती दोन्ही वहीत लिहिली आहेत. बाकीच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत, कारण पाटीवर आकडा आहे तोवर किती जागा ठेवावयाच्या हे तरी आम्हांस ठाऊक आहे. परतीच्या गाडीत भाचा पुन्हा तीच गीते ऐकत होता. या खेपेस एक श्रवणयंत्र मी आपणहून मागून घेतले.