अ‍ॅटनबरो: एका विरळ इंग्रजी आडनांवाची कुळकथा

इंग्लंडांत नॉटिंगहॅमशायर परगण्यांत ट्रेंट नदीच्या कांठीं अ‍ॅटनबरो नांवाचें गांव आहे. क्रॉम्वेलचा जांवई हेन्री आयर्टन १६११ मध्यें येथें जन्मला, एवढें सांगितलें म्हणजे गांवाची राजकीय कीर्ति संपली. परंतु त्यावरून पडलेलें आडनांव फार दूर गेलें. आमच्या वाचकांस तें १९८२ सालच्या ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्यामुळें परिचित आहे. आडनांव विरळ, आणि त्याचीं घराणीं मुख्यत्वें त्याच भागांतलीं. रिचर्डचे वडील फ्रेडरिक १८८७ मध्यें, गांवापासून कांहीं मैलांवरच्या स्टेपलफर्ड येथें जन्मले.

ग्रामनामावरून आडनांव कसें पडतें हें आम्हां मराठी लोकांस शिकविणें नको. वाईंत सगळेच वाईचे. तेथें वाईकर म्हणून कोणास ओळखावें? वाई सोडून साताऱ्यास गेला कीं मनुष्य वाईकर होतो. त्याचप्रमाणें अ‍ॅटनबरोहून निघालेल्या कोणासहि हें नांव चिकटलें असेल. अर्थात् या नांवाचीं कुळें अनेक असावींत, असें कोणीहि म्हणेल.

लेस्टर विद्यापीठांतील तुरी किंग व मार्क जॉबलिंग यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या शोधानें या तर्कास धक्का दिला. वाय गुणसूत्र हें आडनांवाप्रमाणेंच बापाकडून मुलाकडे जातें. त्यांनीं ४० आडनांवांच्या १,६७८ पुरुषांचीं तीं गुणसूत्रें तपासलीं. स्मिथ म्हणजे लोहार. गांवोगांवच्या लोहारांत नातें कोठून असणार? तें दिसलेंहि नाहीं. अ‍ॅटनबरोंत मात्र शेकडा ७० हून अधिकांचें गुणसूत्र एकाच घडणीचें निघालें.

तर मग मूळ पुरुष एकच? आम्हांस हा निष्कर्ष घाईचा वाटतो. ज्यास मुलगे झाले नाहींत, त्याचें नांव त्याच्याबरोबरच बुडालें. समजा, हें नांव घेऊन दहा असामी गांवाबाहेर पडल्या, नऊ शाखा काळाच्या ओघांत आटल्या आणि दहावी फोफावली, तरी आज हेंच चित्र दिसेल. १३४८ च्या महामारीनें असे किती वंश बुडविले असतील! गुणसूत्र उरलेल्यांची साक्ष देतें, गेलेल्यांची नाहीं. शिवाय ज्यांचें गुणसूत्र जुळलें नाहीं तेहि अ‍ॅटनबरोच. कोणी दत्तक, कोणी आईचें नांव लावणारा, कोणाचा बाप निराळाच. वंशावळी जुळविणारे त्यांना कोठें बसवितात, हें आम्हांस पाहावयाचें आहे.

फ्रेडरिक अ‍ॅटनबरो स्वतः जुन्या इंग्रजीचे पंडित. प्राचीन इंग्लिश राजांच्या कायद्यांचा त्यांचा ग्रंथ १९२२ मध्यें निघाला. १९३२ ते १९५१ पर्यंत ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. वरील शोध लावणारें विद्यापीठ तें हेंच. या प्रश्नावर बोलण्यास त्यांच्याहून अधिकारी अ‍ॅटनबरो मिळाला नसता. पण ते १९७३ मध्येंच वारले.