स्टुडबेकर : गाडे, मोटारी आणि राहून गेलेले देणे

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साऊथ बेंड नावाचे एक मध्यम शहर आहे. नोत्र दाम विद्यापीठ त्याच्या सीमेला लागून असल्यामुळे या शहराचे नाव आपल्या वाचकांपैकी काहींच्या कानावर असेल. होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली ते विद्यापीठ स्थापन केले. तथापि, शंभर वर्षांहून अधिक काळ या शहरातील घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या त्या मात्र दुसऱ्याच एका संस्थेने. तिचे नाव स्टुडबेकर. आपल्याकडेही जुन्या पिढीला हे नाव अगदीच अपरिचित नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपारा येथील कारखान्यात स्टुडबेकर गाड्यांची जोडणी होत असे. पुढे अँबॅसडर आली आणि स्टुडबेकर विस्मरणात गेली. ज्या कंपनीची ती गाडी होती, तिची कथा येथे थोडी सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ती केवळ यंत्रांची कथा नाही.

जॉन स्टुडबेकर हा ओहायो राज्यातील जर्मन वंशाचा लोहार. तो ‘ब्रेदरन’ या युद्धविरोधी, साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा होता. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील उपदेश त्याने घराचा नियम म्हणून स्वीकारला होता : प्रीतीचे देणे सोडले, तर कोणाचेही काही देणे ठेवू नये. हा नियम पाळता पाळता तो स्वतः पुष्कळदा अडचणीत आला. कारण दुसऱ्यांनी त्याचे देणे ठेवले. त्याला पाच मुलगे होते. त्यांपैकी हेन्री आणि क्लेमंट या दोघांनी १६ फेब्रुवारी १८५२ रोजी साऊथ बेंड येथे भाता पेटविला. भांडवल म्हणाल तर ६८ डॉलर आणि लोहारकामाच्या हत्यारांचे दोन संच. नाल ठोकणे, लोखंडी अवजारे दुरुस्त करणे आणि काम मिळाल्यास एखादा मालवाहू गाडा बांधून देणे, एवढाच धंदा.

तिसरा भाऊ जॉन मोहलर हा सोन्याच्या ओढीने १८५३ साली कॅलिफोर्नियाकडे निघाला. मात्र प्लेसरव्हिल येथे पोहोचल्यावर त्याने सोने खणले नाही. सोने खणणाऱ्यांसाठी एकचाकी ढकलगाड्या बनविल्या. खाणवाल्यांनी त्याला ‘ढकलगाडीवाला जॉनी’ असे नाव ठेवले. १८५८ साली तो ८,००० डॉलर गाठीस बांधून घरी परतला आणि हेन्रीचा हिस्सा विकत घेऊन भागीदार झाला. सैन्यासाठी गाडे बनविणे हेन्रीच्या धर्मबुद्धीला पटत नव्हते. तो शेतीकडे वळला. मागे राहिलेल्या भावांनी यादवी युद्धात सरकारला गाडे पुरविले, आणि त्यातूनच हा धंदा खऱ्या अर्थाने वाढला. हेन्रीचे नाव या इतिहासात फारसे कोणी घेत नाही. आम्हांस मात्र तो आठवणीत ठेवावासा वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांचे गाडे बनविणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत स्टुडबेकरची गणना होऊ लागली. मग मोटारीचे युग आले. बहुतेक गाडेवाले त्या लाटेत वाहून गेले, स्टुडबेकर तरली. १९०२ साली तिने विजेवर चालणारी मोटार बाजारात आणली, तर १९०४ साली पेट्रोलची. आज विजेच्या मोटारींचा गाजावाजा ऐकताना हे साल लक्षात ठेवावे. घोडागाड्यांचे उत्पादन १९२० पर्यंत चालू होते, म्हणजे सुमारे अठरा वर्षे दोन्ही युगे एकाच नावाखाली नांदत होती.

१९१५ पासून अध्यक्षपदी असलेले अल्बर्ट अर्स्किन हे धाडसी गृहस्थ. मंदीचे ढग जमलेले असतानाही त्यांनी भागधारकांना नफ्याहून किती तरी अधिक लाभांश वाटला. नोत्र दामचे विख्यात फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी हे स्टुडबेकरच्या विक्रेत्यांना भाषणे देऊन हुरूप देत असत. मार्च १९३१ मध्ये त्यांचे विमान अपघातात निधन झाले. त्यानंतर कंपनीने त्यांच्या नावाची ‘रॉकनी’ ही स्वस्त मोटार काढली. तीही १९३३ साली बंद पडली. त्याच वर्षी कंपनी कर्जात बुडून न्यायालयाच्या ताब्यात गेली, आणि १ जुलै रोजी अर्स्किन यांनी आत्महत्या केली. पॉल हॉफमन आणि हॅरोल्ड व्हान्स या दोघांनी ढासळलेला डोलारा सावरला. हेच हॉफमन पुढे युद्धोत्तर युरोपला उभे करणाऱ्या मार्शल योजनेचे प्रशासक झाले.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने सुमारे दोन लाख लष्करी ट्रक बनविले. त्यांतील बहुसंख्य सोव्हिएत रशियाला गेले, आणि ‘कात्युशा’ अग्निबाण डागणारी यंत्रे त्यांच्याच पाठीवर बसविली गेली. रशियन सैनिक प्रेमाने त्यांना ‘स्टुडर’ म्हणत. ज्या घरातील एका भावाने युद्धाच्या गाड्यांपायी हिस्सा सोडला, त्या घराच्या नावाला मिळालेली ही कीर्ती!

युद्धानंतरची चार-पाच वर्षे ऐन भरभराटीची. कारखान्यात पोलिश आणि हंगेरियन स्थलांतरितांची मुले मोठ्या संख्येने होती. बाप आणि मुलगा एकाच खात्यात शेजारी उभे राहून काम करीत. कंपनी आपल्या जाहिरातींत अशा बाप-लेकांच्या जोड्यांची छायाचित्रे अभिमानाने छापीत असे. १९४७ च्या नव्या मोटारीची मागची काच एवढी रुंद आणि वळलेली होती की गाडी येते आहे की जाते आहे, असा विनोद लोक करीत. १९५० च्या गाडीचे नाक बंदुकीच्या गोळीसारखे पुढे आलेले. १९५३ ची दोन दारांची गाडी रेमंड लोई यांच्या कार्यशाळेतील रॉबर्ट बर्क यांनी रेखाटली होती. अमेरिकन मोटारींत तिच्याइतकी देखणी गाडी क्वचितच झाली असेल, असे जाणकार आजही म्हणतात.

परंतु देखणेपण कागदावर जेवढे होते तेवढे कारखान्यात उतरले नाही. सांगाडा इतका लवचीक निघाला की इंजिन बसविताच तो वाकू लागला, आणि पुढचे पत्रे एकमेकांस जुळेनात. पहिल्या गाड्या उशिरा बाहेर पडल्या. व्यवस्थापनाने चार दारांच्या गाड्या अधिक बनविल्या, आणि गिऱ्हाईक मागू लागले दोन दारांची. याच सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्यात किमती पाडण्याची झुंज पेटली. हत्तींच्या या लढाईत स्टुडबेकर चिरडली गेली. १९५४ साली ती पॅकार्ड कंपनीत विलीन झाली. विलीनीकरणानंतर पॅकार्डवाल्यांनी हिशेब तपासले, तेव्हा तोटा टाळण्यासाठी वर्षाला सुमारे २,८२,००० गाड्या खपल्या पाहिजेत असे आढळले. त्या वर्षी स्टुडबेकर गाड्या लाखभरही बनल्या नव्हत्या. लग्न लागल्यावर घराची खरी स्थिती कळावी, तसा हा प्रकार.

१९५९ च्या ‘लार्क’ या आटोपशीर गाडीने एक-दोन वर्षे हात दिला. परंतु तीन मोठ्या कंपन्यांनीही लहान गाड्या काढताच तो आधार गेला. १९६२ साली अध्यक्ष शेरवुड एग्बर्ट यांनी ‘अवांती’ ही फायबर ग्लासची वेगवान मोटार आणून शेवटचा डाव टाकला. पण तिचे साचेच सुरुवातीला नीट जमेनात. एग्बर्ट यांना कर्करोगाने गाठले, आणि १९६३ च्या नोव्हेंबरात ते पायउतार झाले. ९ डिसेंबर १९६३ रोजी साऊथ बेंडचा कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले. २० डिसेंबरला शेवटची गाडी बाहेर पडली. नाताळ पाच दिवसांवर आला होता. सुमारे ७,००० माणसे घरी बसली. कॅनडातील हॅमिल्टन येथे मार्च १९६६ पर्यंत काही गाड्या निघाल्या, आणि मोटार म्हणून हे नाव संपले.

कंपनी मात्र संपली नव्हती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. तिचे इतर अनेक धंदे चालू होते आणि १९६७ साली ती दुसऱ्या एका उद्योगात सामील झाली. संपले होते ते कामगारांचे निवृत्तिवेतन.

हे घडले कसे? १९५० साली कामगार संघटना आणि कंपनी यांच्यात निवृत्तिवेतनाचा करार झाला. त्यात आधीच्या नोकरीची वर्षेही धरण्यात आली. म्हणजे ज्या वर्षांसाठी एक पैसाही बाजूला ठेवलेला नव्हता, त्या वर्षांचेही वेतन कबूल झाले. ती तूट पुढील तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने भरून काढायची होती. पुढे प्रत्येक करारात वेतनाचा आकडा वाढविण्यात आला, आणि तितकीच तूटही वाढली. तीस वर्षे कारखाना चालता तर कदाचित सारे जुळले असते. तो चालला तेरा.

योजनेत सुमारे १०,५०० माणसे होती. साठी गाठलेल्या सुमारे ३,६०० जणांना पूर्ण वेतन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या आणि किमान दहा वर्षे नोकरी झालेल्या सुमारे ४,००० जणांना डॉलरमागे साधारण १५ सेंट, तेही एकरकमी, देऊन वाटेला लावले. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीच मिळाले नाही. एकोणसाठाव्या वर्षी, चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर, केवळ काही महिन्यांच्या फरकाने ज्याच्या हाती असे किडुकमिडुक पडले, त्या माणसाला तुम्ही-आम्ही काय सांगणार? आणि यात कायद्याचा भंग झाला नव्हता. कायदाच तसा नव्हता.

तो व्हायला पुढे दहा वर्षे लागली. कामगार संघटनेने स्टुडबेकरचे उदाहरण वॉशिंग्टनमध्ये पुन्हा पुन्हा मांडले. अखेर २ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निवृत्तिवेतन संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यान्वये स्थापन झालेले हमी महामंडळ आजही चालू असून, खाजगी क्षेत्रातील कोट्यवधी अमेरिकन कामगारांच्या वेतनाला विम्याचे संरक्षण देते. साऊथ बेंडच्या माणसांना मात्र त्याचा उपयोग नव्हता. त्यांचा हिशेब आधीच मिटविला गेला होता.

आता गाड्यांविषयी. निर्माता गेला तरी मालकांनी त्या सोडल्या नाहीत. १९६२ साली, म्हणजे कारखाना चालू असतानाच, स्थापन झालेला स्टुडबेकर चालकांचा संघ आजही कार्यरत आहे आणि ‘टर्निंग व्हील्स’ हे त्याचे मासिक आहे. मालकांचे अनुभव दोन्ही प्रकारचे आहेत. तक्रार गंजाची : पुढच्या मडगार्डमध्ये चिखल आणि ओलावा अडकून राही, आणि पत्रा आतून खाल्ला जाई. कौतुक इंधनाच्या काटकसरीचे आणि ‘हिल होल्डर’चे. चढावर गाडी थांबवून क्लच दाबून ठेवला की ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मागे घसरत नसे. १९३६ पासूनची ही युक्ती. घाटात गाडी चालविणाऱ्याला तिचे मोल वेगळे सांगावयास नको. हॅमिल्टनच्या शेवटच्या गाड्यांत जनरल मोटर्सचे इंजिन बसविले जाई. त्या गाड्या ‘खऱ्या’ स्टुडबेकर मानाव्यात की नाही, यावर मालकांमध्ये अजून वाद रंगतो. ‘अवांती’चे नशीब तर आणखीच निराळे. साऊथ बेंडच्याच दोन विक्रेत्यांनी तिचे साचे आणि हक्क विकत घेऊन १९६५ पासून थोड्या थोड्या संख्येने ती बनविणे चालू ठेवले.

कारखाना मिटला तेव्हा सुट्या भागांचे प्रचंड भांडार मागे राहिले होते. ते पुढे व्यापाऱ्यांच्या हातून हात फिरत राहिले. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या स्टुडबेकरच्या मालकाला आजही एखादा भाग कंपनीच्या मूळ खोक्यात, कधीही न वापरलेला असा, मिळू शकतो.