वितभर नळीचा इतिहास

मोटारीचा इतिहास सांगताना आपण कारखान्यांविषयी बोलतो, उद्योगपतींविषयी बोलतो. मी आज बोलणार आहे इंजिनावरच्या वितभर नळीविषयी. टाकीतून आलेले पेट्रोल पंपाकडून कार्बोरेटरकडे नेणारी ही धातूची नळी. ती कशी वळवावी आणि कुठून न्यावी, एवढाच माझा विषय. जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर जीपगाड्या दुरुस्त करण्यात माझी उमेद गेली. त्यामुळे हा इतिहास मला पुस्तकांत कमी आणि बोनेटखाली जास्त भेटला.

सुरुवातीच्या अनेक गाड्यांना पेट्रोलचा पंपच नव्हता. 1908 ते 1927 या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीची टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरून इंजिनाकडे येई. टाकीत पेट्रोल कमी आणि समोर खडा चढ असला, की ते येईनासे होई. मग चालक गाडी फिरवून घेत आणि रिव्हर्समध्ये चढ चढत! पुढे टाकी मागे गेली आणि इंजिनावर पंप आला. आमच्या मेकॅनिक मंडळींच्या बोलीत तो ‘एसी पंप’. पंपामुळे चढाची अडचण मिटली. पण नळी लांबली आणि तापलेल्या इंजिनाच्या अंगाला येऊन बसली.

पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंश सेल्सिअसच्या आसपासच वाफ होऊ लागतात. नळीत वाफ धरली की द्रव ओढण्यासाठी केलेला पंप नुसताच हलत राहतो आणि गाडी थांबते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाली, तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. या गाड्या कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात उन्हाळ्यात बोनेट उघडून उभ्या असत आणि चालक पंपावर ओले फडके ठेवीत असे. हे दृश्य जुन्या वाचकांच्या डोळ्यांपुढे असेलच.

फडके हा तात्पुरता उपाय. खरा उपाय नळीच्या वाटेत असतो. ती मॅनिफोल्डपासून, म्हणजे जळालेला धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या भागापासून, लांब न्यावी. ती कुठे घासू नये आणि लोंबकळू नये, म्हणून क्लिपने बांधावी. इंजिन थरथरते आणि चासी त्या मानाने स्थिर असते. म्हणून या दोहोंच्या मध्ये रबरी नळीचा तुकडा हवाच.

वळवण्याचेही शास्त्र आहे. नळी वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि घाई केली तर ती चपटी होते. म्हणून वळणाची त्रिज्या नळीच्या जाडीच्या निदान तिप्पट ठेवावी. आम्ही आधी साधी तार इंजिनावर धरून वळवायचो आणि त्या तारेबरहुकूम नळी वाकवायचो. तांब्याची नळी हाताने सहज वळते, म्हणून ती सर्वांची लाडकी. पण तांबे सततच्या थरथरीने कडक होते आणि एक दिवस तडकते. लाल होईपर्यंत तापवले, की ते पुन्हा मऊ पडते. नाशिक-पुण्याच्या तांबटांना ही गोष्ट मोटार जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. हंड्याची विद्याच आम्ही इंजिनात वापरत होतो.

वळताना नळी चपटी होऊ नये म्हणून आत कोरडी बारीक वाळू ठासून भरायची आणि दोन्ही तोंडे बंद करायची, ही जुनी युक्ती. तिनेच मला धडा शिकवला.

1984 च्या उन्हाळ्यात एका पेट्रोल जीपची पंप ते कार्बोरेटर ही तडकलेली नळी मी अशीच वाळू भरून नवी केली. वळण इतके सुरेख आले, की मी स्वतःवर खूश झालो. नळी उलटी करून ठोकली, वाळू पडली, बसवून टाकली. दोन दिवसांनी वावरहून तापाने फणफणलेले एक पोर जव्हारच्या दवाखान्यात न्यायचे होते. जीप मीच चालवत होतो. चढणीवर गाडी आचके देऊन थांबली. मी ठरवून टाकले, पेट्रोल उकळले. पोराच्या आजोबांकडे पाण्याची कळशी होती. ती मागून घेतली आणि पंपावर रिती केली. थांबलो, किल्ली फिरवली. जागेवर इंजिन नीट चाले, ॲक्सिलरेटर दाबला की दम टाके. एवढ्यावरून मला कळायला हवे होते, की पंपाकडून पेट्रोल येते आहे आणि दोष पुढे आहे. अर्धा तास गेल्यावर कार्बोरेटर उघडला. मुख्य जेटमध्ये वाळूचा एक कण बसला होता. गाळणी पंपाच्या आधी असते; तिच्या पुढच्या नळीतला कण अडवायला कोणी नव्हते.

आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘मिस्तरी, पाणी पोरासाठी आणलं होतं.’’

पोर पोहोचले आणि बरेही झाले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

पुढे 1992 मध्ये वावर-वांगणीचे नाव कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रभर झाले. त्यामागे भूक होती, दारिद्र्य होते, आरोग्यसेवेची आबाळ होती. एखाद्या नळीशी त्याचे नाते जोडणे हा बालिशपणा ठरेल. मात्र दवाखाना लांब असला, की वाटेतली प्रत्येक बारीक चूक मोठी होते, हे त्या भागात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आज हे सारे मागे पडले. नव्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो; दाबाखालचे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. बऱ्याच गाड्यांत नळ्याही प्लास्टिकच्या आल्या आणि त्या कारखान्यातून तयार येतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावू लागल्या. त्याच वर्षी जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात आले.

माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना मी नळी वळवायला शिकवली. पण त्याआधी एक सवय लावली. नळी कितीही देखणी झाली तरी बसवण्यापूर्वी पेट्रोलने धुवायची, हवा मारायची आणि उजेडापुढे धरून एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे जमेल तेवढे पाहायचे. वळणे असल्याने सगळे दिसत नाही. म्हणून पुन्हा एकदा हवा मारायची. आणि गाडीत पाण्याचा वेगळा डबा ठेवायचा. माणसांचे पाणी माणसांसाठी राहू द्यायचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)